गाडीच्या एसीचं काम शिकताना आधी काय घ्यावं

पहिला पगार हातात पडला तेव्हा मी गेजचा, म्हणजे गॅसचा दाब दाखवणाऱ्या डायलांचा, सेट घेतला. एक निळा डायल (कमी दाबाच्या बाजूचा), एक लाल (जास्त दाबाच्या बाजूचा), तीन रंगांचे पाइप. आमच्या मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "वजनकाटा कुठाय?" मला हसू आलं. गॅस भरायला वजनकाटा कशाला, भाजी विकायचीय का? ते काहीच बोलले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात सकाळच्या गारव्यात एका छोट्या गाडीत मी गेज बघून गॅस भरला. काटा वर येईना, म्हणून आणखी थोडा सोडला, मग आणखी थोडा. दुपारी उन्हात गाडी परत आली. कॉम्प्रेसर सारखा ट्रिप होत होता आणि लाल काटा तीनशे पीएसआयच्या (दाबाचं माप) पुढे गेला होता. गॅस काढून मोजला तर सातशे ग्रॅम भरला. बॉनेटखालच्या लेबलवर ४५० लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंच नव्हतं.

चूक कुठं झाली ते नीट समजून घ्या, कारण नव्या माणसाचा हात इथंच फसतो. गेज दाब दाखवतं, गॅस किती आहे ते दाखवत नाही. गाडी बंद असताना आर-१३४ए चा, म्हणजे एसीतल्या गॅसचा, दाब तापमानावर ठरतो: २५ अंशांना सुमारे ८० पीएसआय, ३० अंशांना शंभराच्या जवळ. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी आकडा तोच येतो, बाटली भरलेली असो की तळाला गेलेली. गाडी चालू केली की त्यात बाहेरची हवा, फॅन आणि इंजिनचा वेग यांची भर पडते. म्हणून सिस्टीम पूर्ण रिकामी करायची, पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्युम मारायचा आणि लेबलवरच्या ग्रॅमइतकाच गॅस तोलून भरायचा. पाच-दहा ग्रॅमचा फरक दिसेल असा वजनकाटा घ्या.

गेज बिनकामाचं आहे असं मात्र नाही. इंजिन चालू असूनही दोन्ही काटे एकाच आकड्यावर थांबले तर कॉम्प्रेसर ओढत नाही, त्याचा क्लच लागतोय का ते आधी पाहा. निळा काटा शून्याखाली गेला तर वाट कुठंतरी तुंबली आहे. आर-१३४ए चे कपलर (पाइप जोडायची तोंडं) निळ्या बाजूला १३ मिमी आणि लाल बाजूला १६ मिमी असतात, त्यामुळे उलटे लागत नाहीत. पण एवढं पाठच करा: इंजिन चालू असताना आणि बाटली जोडलेली असताना लाल व्हॉल्व्ह उघडायचा नाही. त्या बाजूचा दाब बाटलीत शिरतो आणि बाटली फुटू शकते.

व्हॅक्युम पंप दोन स्टेजचा घ्या. एक गाडी वीस मिनिटं छान थंड करायची, मग गरम हवा यायची. थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा थंड. गॅस बरोबर, कॉम्प्रेसर बरोबर, मी पार चक्रावलो. आत पाणी राहिलं होतं. ते एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या (गॅस बारीक वाटेनं सोडणारा व्हॉल्व्ह) तोंडाशी गोठायचं आणि वाट बंद व्हायची. माझ्या पंपाचं तेल दुधासारखं पांढरं झालं होतं, पण ते बदलतात हेच मला माहीत नव्हतं. २५ अंशांना पाणी उकळून बाहेर पडायला गेजवर २९ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्युम लागतो, आणि २८ व २९ मधला फरक त्या छोट्या डायलवर धड दिसतही नाही. म्हणून पुढे मायक्रॉन गेज (व्हॅक्युम बारकाईनं मोजणारं) घ्या आणि ५०० मायक्रॉनच्या खाली आल्याशिवाय पंप थांबवू नका. मग व्हॉल्व्ह बंद करून पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघत बसा. काटा चढला तर लीकेज आहे किंवा आत अजून पाणी आहे. सिस्टीम बराच वेळ उघडी राहिली असेल तर ड्रायरही (आतली ओल शोषणारा भाग) बदला.

लीकेजसाठी यूव्ही डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग), यूव्ही टॉर्च आणि पिवळा चष्मा यांवर बरंच भागतं. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर असेल तर तो जॉइंटच्या खालून फिरवा, गॅस हवेपेक्षा जड असतो. दाब देऊन तपासायचं असेल तर रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन वापरा. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो.

बाकी किरकोळ: व्हॉल्व्ह कोअर काढायचा पान्हा, एसीच्या ओ-रिंगचा डबा, व्हेंटमध्ये घालायचा थर्मामीटर. पॅग तेलाची (कॉम्प्रेसरचं तेल) छोटी बाटलीच घ्या. ते हवेतली ओल ओढतं, त्यामुळे उघडी राहिलेली मोठी बाटली वाया जाते. हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या कॉम्प्रेसरला मात्र कंपनीने सांगितलेलंच तेल, कारण पॅगमधून वीज वाहू शकते.

गॉगल आणि हातमोजे पहिल्या दिवसापासून. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जातो.

गॅस काढून साठवणारं रिकव्हरी मशीन महाग असतं, ते सुरुवातीला वर्कशॉपचंच वापरा. पण गॅस हवेत सोडू नका. तापमानवाढीच्या हिशेबात आर-१३४ए चा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या १४३० किलोइतका धरतात. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ गॅस थोडा पेट घेणारा आहे, त्याचं मशीन आणि कपलर वेगळे.

माझा तो पहिला सेट अजून वापरात आहे. निळा काटा हल्ली शून्याच्या जरा वर थांबतो, म्हणून पाइप लावायच्या आधी काच काढून छोट्या स्क्रूनं तो शून्यावर आणतो.