निबंधाचं मुख्य विधान लंगडं पडतंय? या चुका टाळा

पटवून देणाऱ्या निबंधात एक वाक्य असं असतं की ते काढलं तर खाली नुसती माहिती उरते. त्याला थीसिस स्टेटमेंट म्हणतात. आपण मुख्य विधान म्हणू. त्यात तुमची बाजू हवी आणि ती घेण्याचं कारण हवं. लांबी साधारण २० ते ३० शब्द, जागा पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी. शाळेत 'म्हणून मला असे वाटते की…' हे अगदी शेवटी लिहायची सवय लागलेली असते. इथे ती नडते. तुमची बाजू कुठली याचा अंदाज बांधण्यातच वाचकाचे चार परिच्छेद जातात.

उदाहरणाला घोडबंदर रोड घेऊ. ठाणेकरांना वादाचा विषय पुरवण्यात हा रस्ता कधी कमी पडत नाही.

माहितीलाच मत समजणं

'घोडबंदर रोडवर रोज कोंडी होते.' यावर भांडणार कोण? वाक्य उलटं करून वाचा. तसं म्हणणारा एकही शहाणा माणूस सापडत नसेल, तर ते विधान नव्हे. 'ठाणे हे तलावांचं शहर आहे' किंवा '१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली' ही वाक्यं प्रस्तावनेत शोभतात, तिथेच राहू द्या. 'कोंडी कधी सुटणार?' हा प्रश्नही शीर्षकापुरता ठीक. विधान म्हणजे त्याचं उत्तर.

कर्ता गायब

मराठीत ही चूक फार होते, कारण भाषाच तिला साथ देते. 'उपाययोजना व्हायला हव्यात', 'लक्ष दिलं गेलं पाहिजे', 'जनजागृती झाली पाहिजे'. कोणी करायचं ते न सांगताही वाक्य व्याकरणात चोख बसतं, आणि लिहिणाऱ्याला वाटतं आपण भूमिका घेतली.

दुरुस्ती करायची तर क्रियापदाला तीन प्रश्न विचारा: कोणी, काय, कधी.

आधी: 'घोडबंदर रोडवरच्या कोंडीवर ठोस उपाय व्हायला हवेत.'

नंतर: 'वाहतूक पोलिसांनी सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ या वेळेत घोडबंदर रोडवर अवजड वाहनं पूर्ण बंद ठेवावीत.'

'ठोस' हा शब्द आपोआप गळाला, कारण आता त्याची गरजच राहिली नाही.

कारणांची गर्दी

'ट्रक बंद पडत असल्यामुळे, शाळेच्या बस अडकत असल्यामुळे आणि रुग्णवाहिकेला वाट मिळत नसल्यामुळे अवजड वाहनं बंद ठेवावीत.' मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे तीन 'मुळे' डोक्यात धरून वाचक वाट बघत राहतो. बाजू आधी सांगा, मग 'कारण' लिहा आणि सगळ्यात वजनदार कारण एकच द्या. बाकीची परिच्छेदांत येतीलच. 'कारण लोक वैतागले आहेत' हे कारण धरू नका. लोक बंदीलाही वैतागतात.

दुसरी बाजू

'नाण्याला दोन बाजू असतात' असं म्हणून मध्ये उभं राहणं ही एक चूक. दुसरी बाजू नाहीच असं दाखवणं ही त्याहून महाग, कारण वाचकाला ती ठाऊक असते. इथे ती अशी: न्हावा शेवा बंदरातून गुजरातकडे जाणारा माल याही रस्त्याने जातो. बंदीच्या तासांत ट्रक वेशीवर उभे राहणार, माल उशिरा पोचणार. हे एका वाक्यात मान्य करा आणि तरीही तुमची बाजू का टिकते ते सांगा. त्याने ३० शब्दांची मर्यादा मोडली तर विधानाची दोन-तीन वाक्यं करा, बिघडत नाही.

'सर्व', 'नेहमी', 'कधीच', 'पूर्ण' हे शब्दही तपासा. वरच्या दुरुस्त वाक्यातच 'पूर्ण बंद' आहे. अग्निशमन दलाचा बंबही अवजड वाहनच. त्या एका शब्दावर समोरचा माणूस तुमचा निबंध पाडेल.

विधान बरं, पण निबंध भरकटतो

प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य विधानाला 'कारण' लावून जोडून बघा. 'अवजड वाहनं बंद ठेवावीत, कारण मेट्रोच्या कामाने रस्ता अरुंद झाला आहे' हे जुळतं, पण अर्धवट: मग काम संपल्यावर काय? अशा वेळी परिच्छेद खोडायची घाई करू नका. तो चांगला असेल तर विधानच बदला:

'मेट्रोचं काम संपेपर्यंत वाहतूक पोलिसांनी सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ घोडबंदर रोडवर अत्यावश्यक सेवा वगळता अवजड वाहनं बंद ठेवावीत. गुजरातकडे जाणाऱ्या मालाला काही तास उशीर होईल हे खरं. तरी ही बंदी हवी, कारण अरुंद झालेल्या रस्त्यावर गायमुखच्या चढाला एक कंटेनर बंद पडला की मागची रुग्णवाहिकाही अडकते.'