रेडिओरसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी सरकारी निधी कसा मिळवावा

युरेनियम शुद्ध करताना त्यातील थोरियम वेगळे होते आणि त्यानंतर युरेनियम-२३४ च्या क्षयातून थोरियम-२३० पुन्हा हळूहळू साचत जाते. म्हणूनच जप्त केलेल्या युरेनियमच्या नमुन्यात या दोहोंचे प्रमाण मोजले, की तो माल शेवटचा केव्हा शुद्ध झाला याचा हिशेब मांडता येतो. न्यूक्लिअर फॉरेन्सिक्सचे, म्हणजे अणुसामग्रीचा उगम व इतिहास शोधण्याचे हे काम मुळात रेडिओरसायनतज्ज्ञाचे, म्हणजे किरणोत्सारी पदार्थांच्या रसायनशास्त्राच्या जाणकाराचे आहे. भारतात त्यासाठीचा पैसा बहुतेक वेळा रसायनशास्त्राच्या नावाने येतो, त्यामुळे शिष्यवृत्तीचा शोधही तिथूनच सुरू करावा.

बारावीनंतर नेस्ट ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी. तिच्यातून मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातील अणुऊर्जा विभागाच्या मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्रात किंवा भुवनेश्वरच्या नायसर (राष्ट्रीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) मध्ये पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. तेथे इन्स्पायर किंवा दिशा या सरकारी शिष्यवृत्ती योजनेतून वर्षाला ६०,००० रुपये आणि उन्हाळी प्रकल्पासाठी २०,००० रुपये देण्याची तरतूद आहे.

एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि वरिष्ठ फेलो म्हणून बढतीनंतर ४२,००० रुपये मिळतात. ही फेलोशिप विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर असते, हा तिचा मोठा फायदा आहे.

तरीही या विषयासाठी मला सर्वांत मोलाची वाट बीआरएनएसच्या (अणुविज्ञान संशोधन मंडळाच्या) प्रकल्पांची वाटते. अणुऊर्जा विभागाच्या या मंडळाचे अनुदान विद्यापीठातील प्राध्यापकांना मिळते, अणुऊर्जा विभागातील एक शास्त्रज्ञ त्यांचा सहकारी असतो आणि प्रकल्पातील जेआरएफचे मानधन त्याच अनुदानातून दिले जाते. किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याची सोय सामान्य महाविद्यालयात नसते. ती या सहकाऱ्यामार्फत मिळू शकते. त्यामुळे जाहिरातीची वाट न पाहता प्राध्यापकांना आधीच पत्र लिहावे. ‘मला या विषयाची आवड आहे’ एवढ्यावर न थांबता, गायगर काउंटरवर (किरणोत्सार मोजण्याच्या उपकरणावर) कोणता प्रयोग केला, ट्रायब्युटाइल फॉस्फेटने द्रावक निष्कर्षण (द्रावकाच्या साहाय्याने युरेनियमसारखे घटक वेगळे करणे) केले आहे का, गॅमा वर्णपट (गॅमा किरणांच्या ऊर्जेचा आलेख) वाचता येतो का, हे नेमकेपणाने सांगावे. अनुभव नसेल, तर आयएएनसीएएस ही अणुरसायनतज्ज्ञांची संस्था घेत असलेली कार्यशाळा आपल्या महाविद्यालयात व्हावी म्हणून विभागप्रमुखांकडे आग्रह धरावा.

रुजू होण्यापूर्वी प्रकल्पाचे किती महिने उरले आहेत आणि पीएच.डी.ची नोंदणी केव्हा होईल, हे न संकोचता विचारावे, कारण प्रकल्प संपला की मानधनही थांबते.

ज्यांना शिक्षणाबरोबर नोकरीची खात्री हवी आहे, त्यांनी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेचा पदवीधर अभियंते आणि विज्ञानाच्या पदव्युत्तरांसाठीचा एक वर्षाचा ओसीईएस अभ्यासक्रम पाहावा. त्यात विद्यावेतन मिळते, मात्र नंतर किमान तीन वर्षे सेवेचा करार पाळावा लागतो.

अर्जाआधी एक काम उरकून घ्यावे. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, तर आधार आणि बँक खात्यावर बहुधा शेवटी. माझ्या एका विद्यार्थिनीचे पहिले काही हप्ते एवढ्याच फरकामुळे अडकले होते, म्हणून तिन्ही ठिकाणी नाव एकसारखे करून घ्यावे आणि खाते आधारशी जोडलेले आहे याची बँकेत जाऊन खात्री करावी.