दिवाळीत कुत्र्या-मांजरांचे हाल नकोत, तर या चुका टाळा

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी पशुवैद्याला फोन करून "डॉक्टर, संध्याकाळसाठी काहीतरी झोपेचं द्या ना" म्हणणारे पालक दरवर्षी असतात. ही पहिली चूक. तोवर करण्यासारखं बरंच काही हातचं निघून गेलेलं असतं, आणि मागणीही चुकीची असते. जनावर झोपलं, गप्प झालं की आपल्याला बरं वाटतं, पण त्याची भीती त्याने कमी होतेच असं नाही. या लेखातल्या निम्म्या चुकांचं मूळ तिथेच आहे.

आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याला ४५,००० पर्यंत, मांजराला ६०,००० च्याही वर. त्यातून आपल्याला ठाऊक असतं की आज सण आहे आणि रात्री हे थांबणार आहे. त्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं.

गप्प आहे म्हणजे निवांत आहे, असं समजणं

थरथरणारा, भुंकणारा, सोफ्यामागे घुसणारा कुत्रा कुणाच्याही लक्षात येतो. लक्षात येत नाही तो कोपऱ्यात नुसता बसून राहिलेला. त्याच्याकडे नीट बघा. झोप आलेली नसताना जांभया देतोय का, सारखा ओठ चाटतोय का, पंख्याखाली असूनही धापा टाकतोय का, शेपूट पोटाशी घेतलीय का. साधी परीक्षा म्हणजे उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा नाकाशी धरायचा. एरवी बोटासकट ओढणारा कुत्रा आता हुंगून मान फिरवत असेल, तर तो चांगलाच घाबरलेला आहे.

मांजरांचं याहून अवघड. मांजर माळ्यावर, वॉशिंग मशीनच्या मागे नाहीतर पलंगाखाली जाऊन बसतं आणि घरचे म्हणतात, "आमची मनी काय, तिला काही फरकच पडत नाही." लपू द्यावं, ओढून बाहेर काढू नये. पण ताटलीतलं खाणं कमी होतंय का आणि लिटरमध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये, लघवीचे गोळे दिसताहेत का, हे रोज बघावं. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करावा. उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः गुबगुबीत मांजराच्या, यकृतात चरबी साठून प्रकरण हाताबाहेर जाऊ शकतं.

बोक्यांच्या बाबतीत एक गोष्ट तर फ्रिजवर लिहून चिकटवा. ताणामुळे मूत्राशयाला सूज येऊन त्यांची लघवी अडकू शकते. बोका सारखा लिटरमध्ये जातो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो, आणि थेंब-दोन थेंब येतात किंवा तेही नाही. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय, फराळाचं काहीतरी बाधलं. हे पाडवा-भाऊबीज उरकून बघू असं म्हणण्यासारखं दुखणं नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर गाठायचा, कारण दोन-तीन दिवसांत बोका दगावू शकतो. आपल्या डॉक्टरांचा दवाखाना दिवाळीत कधी बंद आहे आणि रात्री उघडं काय असतं, हे वसुबारसेच्या आतच विचारून ठेवावं ते यासाठी.

आजीच्या डब्यातली गोळी

घरात कुणाला झोपेच्या गोळ्या चालू असतात. त्यातली अर्धी कुत्र्याला दिली तर काय बिघडतं? पुष्कळ बिघडतं. माणसाचा डोस कुत्र्याला लागू होत नाही, काही कुत्री शांत व्हायच्या ऐवजी आणखी बिथरतात, आणि हृदयाचं किंवा यकृताचं दुखणं असेल तर जिवावर बेततं. मांजराला पॅरासिटामॉल तर कधीच नाही. एक गोळीही त्याचा जीव घ्यायला पुरते.

ॲसप्रोमाझिन नावाचं जुनं औषध अजूनही मागितलं जातं. त्याने अंग सुस्त पडतं, भीती मात्र तशीच राहते, आणि काही जनावरं आवाजाला आणखी दचकतात. म्हणजे पळता येत नाही आणि ऐकू तर सगळं येतंय. माझ्या मते औषध न देण्यापेक्षाही हे वाईट. भीतीवर काम करणारी औषधं आहेत. गॅबापेंटिन, ट्रॅझोडोन अशी काही पशुवैद्य तपासून देतात. ती दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी विचारायची, एखाद्या शांत दिवशी एकदा देऊन बघायची, आणि प्रत्यक्ष सणाला पहिला आवाज व्हायच्या आधी द्यायची. कुत्रा एकदा घाबरून वेडापिसा झाला की त्याच गोळीचा परिणाम कमी पडतो.

पहाटेचा फेरा

संध्याकाळी फटाके वाजतात म्हणून बरेच जण कुत्र्याला पहाटे पाचला खाली नेतात. एरवी शहाणपणाचं आहे. पण नरक चतुर्दशीला आपल्याकडे अभ्यंगस्नानाच्या वेळी, उजाडायच्या आत, फटाके फुटायला लागतात. रात्री १० ते सकाळी ६ फटाक्यांना बंदी आहे हे खरं, पण त्या पहाटे ती पाळली जाईल या भरवशावर कुत्र्याला खाली नेऊ नये. तेव्हा रस्ता निर्मनुष्य, अंधार, आणि कोपऱ्यावरून अचानक लड. कुत्रा मान मागे खेचून पट्ट्यातून निसटतो आणि वाट फुटेल तिकडे पळत सुटतो. दिवाळीचे चार दिवस फिरवणं दुपारी ठेवा, दोन ते चारच्या सुमारास. हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्ही घाला, दोरीही दोन्हींना जोडा. पट्ट्यावर मोबाइल नंबर हवाच. कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिप असेल तर तिच्या नोंदीत तुमचा आत्ताचा नंबर आहे ना, बघा.

फराळाला येणाऱ्यांमुळे दार सारखं उघडतं, त्यातून मांजरं निसटतात. पाहुणे यायच्या वेळी मांजर आतल्या खोलीत आणि खोलीच्या दारावर चिठ्ठी, एवढं पुरतं.

"सवय होऊ दे त्याला"

हे वाक्य बोलणारा एक काका प्रत्येक सोसायटीत असतो. कुत्र्याला गच्चीवर नेऊन फटाके दाखवले की भीती मोडेल, हा त्यांचा सिद्धांत. मोडत नाही. वर्षागणिक वाढते, आणि पुढे कुकरच्या शिट्टीलाही कुत्रा दचकायला लागतो. याच्या उलटा गैरसमज असा, की घाबरलेल्याला जवळ घेतलं तर तो आणखी भित्रा होतो. भीती ही काही युक्ती नव्हे, की लाड केले म्हणून ती पुन्हा करून दाखवावी. तो जवळ आला तर खुशाल घ्या, हळू पाठ चोळा. नको असेल तर सोडा.

बाल्कनीत बांधणं, बाथरूममध्ये कडी लावून कोंडणं, कानात कापूस कोंबणं, हे तिन्ही नको. बांधलेला कुत्रा कठड्यावरून उडी मारतो आणि गळफास बसतो. बाथरूममध्ये आवाज घुमतो. कापूस आत सरकतो, मग काढायला डॉक्टर लागतो.

जागा करायची ती अशी. वन बीएचके असेल तर रस्त्याकडच्या खिडकीपासून सगळ्यात लांबचा कोपरा, बहुधा पॅसेज किंवा कपाटाशेजारची बोळकंडी. टेबलावर जाड चादर टाकायची, ती तिन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबू द्यायची, चौथी बाजू उघडी. खाली त्याचं रोजचं अंथरूण, न धुतलेलं, म्हणजे वास ओळखीचा राहतो. शेजारी पाणी. पंखा मोठ्यावर, टीव्ही चालू, खिडक्या आणि पडदे बंद. ही जागा आठवडाभर आधी मांडा आणि जेवण तिथेच द्या. ऐन वेळी मांडलेल्या नव्या गुहेत कुणी जात नाही.

फराळाचं ताट

"एवढासा लाडू दिला तर काय होतं?" लाडवात मनुका, बेदाणा असेल तर होतं. मनुकांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, आणि किती खाल्ल्यावर ते होईल याचा काही नेम नाही. रव्याचा लाडू, करंजीचं सारण, चिवडा, सगळीकडे त्या असतात. चिवड्यात तळलेला कांदा-लसूण असेल तर तोही विषारीच. भेट आलेल्या डब्यातलं डार्क चॉकलेट, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली शुगर-फ्री मिठाई, हे उंचावर. तेला-तुपाचं पोटभर खाल्लं तर स्वादुपिंडाला सूज येते, मग उलट्या आणि पोटदुखी.

खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून ओकवायला जाऊ नका. मिठाचीच विषबाधा होते. काय खाल्लं, किती, कधी, कुत्र्याचं वजन किती, हे डॉक्टरांना फोनवर सांगा.

फराळाइतकंच लक्ष देवघराकडे. कापराची वडी गिळली तर झटके येऊ शकतात. आणि घरात मांजर असेल तर लिलीचा गुच्छ दारातूनच परत द्या. पराग अंगावर पडून चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं जातात.

उरलेलं

भाजलं तर दहा-वीस मिनिटं नळाचं साधं पाणी, मग दवाखाना. हळद, टूथपेस्ट, बर्फ यातलं काही नाही. विझलेल्या फुलबाजीची तार बराच वेळ तापलेली असते, ती पाण्याच्या बादलीत टाका. दुसऱ्या दिवशी फिरवताना न फुटलेले फटाके तोंडात जाणार नाहीत याकडे बघा. जिन्याखाली शिरलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याला तेवढे दिवस हाकलू नका. शेपटीला लड बांधणाऱ्या पोरांना १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे हे सांगायचं, आणि त्यांच्या आईबापांनाही.

भाऊबीजेला हे सगळं आवरून ठेवू नका. तुळशीच्या लग्नाला आणि त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत आवाज होत राहतात. त्यानंतर हिवाळ्यात पुढच्या वर्षीची तयारी सुरू करता येते. फटाक्यांचं रेकॉर्डिंग मोबाइलवर जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात लावायचं आणि ते चालू असेपर्यंत आवडीचं खाऊ घालायचं. काही दिवसांनी आवाज एक घर वाढवायचा. खाणं थांबवून त्याने मान वर केली, तर घाई झाली. दोन घरं मागे या.