आरपीजीतली बंदूक: आधी काडतूस, मग हत्यार

रोल-प्लेइंग गेमसाठी (आरपीजी) शस्त्रांची यादी करायला बसलं की बहुतेक जण बंदुकीपासून सुरुवात करतात. पिस्तूल, डॅमेज १५. रायफल, डॅमेज ४०. घोळ इथेच होतो. गोळीचा वेग, झटका, मॅगझीनचं आकारमान, चिलखत भेदेल की नाही, हे बहुतांशी काडतूस ठरवतं. बंदूक म्हणजे त्या काडतुसाभोवती उभारलेलं यंत्र. म्हणून पहिला तक्ता काडतुसांचा करा. बंदुकीच्या तक्त्यात काडतुसाचं नाव, नळीची लांबी, वजन, मॅगझीनची क्षमता आणि मिनिटाला किती गोळ्या सुटतात, एवढंच पुरे. डॅमेजचा रकाना तिथे ठेवूच नका.

आधुनिक काळातल्या गेमला ही पाच काडतुसं पुरतात. नावातले मिमीचे आकडे म्हणजे गोळीची जाडी आणि पुंगळीची (काडतुसाच्या धातूच्या कवचाची) लांबी. आकडे गोळीचं वजन, नळीतून सुटतानाचा वेग आणि अख्ख्या काडतुसाचं वजन या क्रमाने, अंदाजे आहेत:

- ९×१९ मिमी: ८ ग्रॅम, ३६० मी/से, १२ ग्रॅम
- .४५ एसीपी: १५ ग्रॅम, २५५ मी/से, २१ ग्रॅम
- ५.५६×४५ मिमी: ४ ग्रॅम, ९३० मी/से, १२ ग्रॅम
- ७.६२×३९ मिमी: ८ ग्रॅम, ७१५ मी/से, १६ ग्रॅम
- ७.६२×५१ मिमी: ९.५ ग्रॅम, ८४० मी/से, २४ ग्रॅम

डॅमेज कसा काढायचा

वजन आणि वेगावरून ऊर्जा काढली तर ९ मिमीला सुमारे ५२० ज्यूल मिळतात आणि ७.६२×५१ला ३,३५०. हेच आकडे सरळ डॅमेजमध्ये टाकले तर पिस्तूल खेळणं होऊन बसतं. ऊर्जेचं वर्गमूळ घ्या: ९ मिमी २३, .४५ एसीपी २२, ५.५६ला ४२, ७.६२×३९ला ४५, ७.६२×५१ला ५८. क्रम खरा राहतो आणि तफावत खेळता येईल इतकीच उरते. बारा बोअरच्या शॉटगनमध्ये साधारण ८.४ मिमीचे नऊ छर्रे धरा, प्रत्येकी ३.५ ग्रॅम, वेग ४०० मी/से. एका छर्र्याला १७ डॅमेज येतो. नऊही लागले तर दीडशेच्या वर, पण चिलखताशी प्रत्येक छर्र्याचा हिशोब वेगळा करायचा. जवळून भयंकर आणि चिलखतापुढे लंगडी, हा शॉटगनचा स्वभाव त्यातून आपोआप येतो.

चिलखत टक्केवारीत कधीच मोजू नका. '३० टक्के डॅमेज कमी' असं चिलखत प्रत्यक्षात नसतं. ते गोळी अडवतं किंवा अडवत नाही. त्यासाठी उंबरठ्याचा आकडा ठेवा: गोळीचा डॅमेज त्याच्या वर असेल तरच ती आत जाते. अमेरिकेच्या एनआयजे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस) या संस्थेच्या चिलखत-मानकाच्या जुन्या श्रेणी इथे कामाला येतात: थ्री-ए श्रेणीचं मऊ जाकीट ९ मिमी आणि .४४ मॅग्नम अडवतं, पण रायफलीची गोळी नाही. श्रेणी तीनची कडक प्लेट ७.६२×५१ची साधी गोळी अडवते. श्रेणी चार चिलखतभेदी .३०-०६ची एक गोळी झेलते. मऊ जाकिटाला उंबरठा ४० द्या, प्लेटला ६०. उंबरठ्याखालच्या गोळीलाही दोन-तीन अंकांचा मुका मार ठेवा, नाहीतर खेळाडूला गेम बिघडल्यासारखा वाटतो. पोकळ टोकाच्या गोळीला उघड्या अंगावर सव्वापट डॅमेज आणि चिलखताचा उंबरठा दुप्पट. चिलखतभेदी गोळीला याच्या उलट. 'फॉलआउट: न्यू व्हेगास' (२०१०) मध्ये गोळ्यांचा प्रकार निवडण्यात गंमत आली ती अशाच हिशोबामुळे.

झटका आणि फैलाव

झटक्यासाठी ऊर्जा वापरू नका, संवेग वापरा: गोळीचं वजन गुणिले वेग, भागिले बंदुकीचं वजन. .४५ एसीपी आणि ५.५६ यांचा संवेग जवळपास सारखाच, ३.७ ते ३.८. पण एक सुटतो १.१ किलोच्या पिस्तुलातून आणि दुसरा साडेतीन किलोच्या रायफलीतून. रायफलीत जळालेल्या दारूचा वायूही मागे ढकलतो, म्हणून तिथे उत्तराला दीडने गुणा. तरीही पिस्तूलच जास्त उसळतं, आणि तेच बरोबर आहे.

फैलावात, म्हणजे गोळ्या नेमापासून किती इकडेतिकडे जातात त्यात, सगळ्यात मोठी चूक अंशांची होते. गेम इंजिनमध्ये २ अंश लिहिणं सोपं, पण १ अंश म्हणजे १०० मीटरवर १.७५ मीटर. साधी लष्करी रायफल १०० मीटरवर दहा-बारा सेंटीमीटरच्या वर्तुळात गोळ्या टाकते, म्हणजे जेमतेम ०.०६ अंश. बंदुकीचा फैलाव तेवढाच ठेवा आणि उरलेला थरथरणाऱ्या हाताच्या नावावर घाला. शॉटगनचे छर्रे दर मीटरला अडीच सेंटीमीटर पसरतात असं धरा. दहा मीटरवर ते ताटाएवढे पसरतात, खोलीभर नव्हे.

गोळी खाली पडणं १०० मीटरपर्यंत रायफलीसाठी सोडून द्या, ७.६२×५१ जेमतेम सात सेंटीमीटर उतरते. ९ मिमी मात्र तेवढ्याच अंतरात चाळीसेक सेंटीमीटर खाली येते.

मग लेव्हल कुठे बसवायची?

आरपीजीत प्रगती दिसलीच पाहिजे, आणि तिच्याच नादात तेच पिस्तूल पहिल्या लेव्हलला १२ आणि तिसाव्या लेव्हलला ८० डॅमेज करू लागतं. प्रगती हातात बसवा. कौशल्य वाढलं की नेम स्थिर होतो, झटक्यानंतर नेम लवकर परत येतो, मॅगझीन बदलायला साडेतीनऐवजी दोन सेकंद लागतात, अडकलेलं काडतूस चटकन काढता येतं. गोळी नवख्याची असो वा उस्तादाची, लागली की तेवढीच लागते. शत्रू कठीण करायचे असतील तर त्यांना चिलखत, आडोसा आणि अक्कल द्या. साध्या कपड्यातल्या गुंडाला डोक्यात बारा गोळ्या झेलायला लावू नका.

काडतूस अडकण्याचं प्रमाण गेममध्ये हास्यास्पद जास्त असतं. निगा राखलेली रायफल शेकडो गोळ्या विनातक्रार सोडते. बंदुकीची स्थिती ५० टक्क्यांच्या वर असेपर्यंत शक्यता शून्य ठेवा, खाली हळूहळू वाढवा, आणि अगदी मोडकळीला आलेल्या बंदुकीतही पन्नासात एकाच्या पुढे जाऊ नका. वाकलेलं मॅगझीन हे कारण मळापेक्षा जास्त खरं वाटतं, आणि त्यावर उपायही खेळाडूच्या हातात असतो: मॅगझीन बदला.

ॲनिमेशनमध्ये हमखास चुकणाऱ्या गोष्टी

गोळी पुंगळीसकट उडताना दाखवू नका. नळीतून फक्त गोळी जाते. रिव्हॉल्व्हरमधून प्रत्येक गोळीनंतर पुंगळी बाहेर पडत नाही, सिलिंडर उघडल्यावर सगळ्या एकदम पडतात. ग्लॉक पिस्तुलाला बाहेरून दिसणारा हॅमर नाही, त्यामुळे तो ओढल्याचा आवाज नको. मॅगझीन संपलं की एआर-१५ रायफलीचा बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) मागे अडकून राहतो, एकेएम रायफलीचा राहत नाही. 'फॉलआउट ४' (२०१५) मधल्या हंटिंग रायफलीचा बोल्ट डाव्या बाजूला आहे. कॅमेऱ्याला तो छान दिसतो खरा, पण उजव्या हाताच्या नेमबाजाला ती रायफल गैरसोयीचीच.

चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून काडतूस उडतं) गोळी असताना मॅगझीन बदललं तर पंधराच्या जागी सोळा गोळ्या मिळाल्या पाहिजेत. उझी किंवा स्टेनसारख्या उघड्या बोल्टच्या हत्यारांत, म्हणजे घोडा दाबेपर्यंत बोल्ट मागे आणि चेंबर रिकामं असतं त्यांत, ही जादा गोळी नसते. अर्धवट मॅगझीन टाकलं तर त्यातल्या गोळ्या आपोआप खिशात येऊ देऊ नका.

सायलेन्सरने बंदूक मुकी होत नाही. आवाज साधारण २० ते ३५ डेसिबलने उतरतो, आणि ३४० मी/सेपेक्षा वेगवान गोळी हवेत स्वतःचा कडाका काढतच राहते. म्हणून चोरपावलांच्या खेळात .४५ एसीपीला खरा फायदा द्या: ती मुळातच ध्वनीपेक्षा हळू आहे. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावायचा असेल तर सिलिंडर आणि नळीच्या फटीतून वायू निसटतो हे लक्षात ठेवा. नागान १८९५ हे प्रसिद्ध अपवादाचं मॉडेल: त्याचं सिलिंडर पुढे सरकून ती फट बंद करतं, त्यामुळे गेममध्ये सायलेन्सरची जोडणी त्याच्यापुरती खुली ठेवायला हरकत नाही.