इंजिनकप्प्यातील हवा: आरसी बोट पाण्यात सोडण्यापूर्वीची तयारी

पेट्रोल इंजिनाची आरसी (म्हणजे रेडिओने दुरून चालवायची छोटी) बोट तळ्यावर नेण्याआधी बॅटऱ्या चार्ज करणे, प्रोपेलर घट्ट करणे आणि शाफ्टला ग्रीस भरणे ही कामे कोणाला सांगावी लागत नाहीत. इंजिनकप्प्यातील हवेची तयारी मात्र बोट टेबलावर असतानाच करावी लागते. त्यातही आत शिरलेल्या हवेला बाहेर पडण्याची वाट हवी, हे सर्वांत आधी लिहितो, कारण गेल्या वेळी नेमके तेच राहिले होते.

26 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 12,000 फेरे घेत असेल, तर ते ढोबळ हिशेबाने मिनिटाला 300 लिटर हवा ओढते. घट्ट बसवलेल्या हॅचखाली, म्हणजे इंजिनकप्प्याच्या झाकणाखाली, एवढी हवा आपोआप येत नाही. शिवाय आतली हवा तापली की विरळ होते, तेवढ्याच पेट्रोलला प्राणवायू अपुरा पडतो, मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होते आणि काठावर खणखणीत वाजणारे इंजिन मधल्या पाण्यात दम टाकते. अशा वेळी कार्बुरेटरच्या (पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या) सुईला लगेच हात लावू नये. बोट काठाशी पाण्यातच पक्की धरून, प्रोपेलरपासून हात लांब ठेवून, हॅचशिवाय इंजिन चालवून पाहावे. तेवढ्याने ते सुधारले तर दोष हवेचाच आहे.

हवा आत घेणारी छिद्रे पुढच्या बाजूला, उंचावर ठेवावीत आणि पाण्याचे तुषार थेट कार्बुरेटरवर येऊ नयेत म्हणून आत एक आडवी पट्टी बसवावी. हवा बाहेर सोडणारी वाट मागे, तीही उंचावर आणि हवा आत घेणाऱ्या वाटेपेक्षा मोठी असावी, कारण तापलेली हवा फुगते. ही वाट नसेल तर पुढे कितीही छिद्रे पाडली तरी हवा कोंडूनच राहते. बारीक जाळी लावली तर निम्मी वाट जाळीच अडवते, हे धरून छिद्र वाढवावे. प्लायवूडच्या कापलेल्या कडांना इपॉक्सी लावावेच. मुंबईच्या दमट हवेत उघडी कड फुगते.

परीक्षा सोपी आहे. बोटीसमोर टेबलफॅन लावावा आणि मागच्या छिद्राच्या वरच्या कडेला लोकरीचा धागा चिकटवावा. धागा बाहेरच्या दिशेने फडफडला तर वाट मोकळी आहे; तो लोंबकळत राहिला तर नाही. उदबत्तीच्या धुराने ही परीक्षा कोणी सुचवली तरी करू नये, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि टाकी रिकामी असली तरी तळाशी साचून राहते.

बोट तरंगती राहावी म्हणून थर्माकोल भरू नये, पेट्रोल त्याला विरघळवते. पॉलिइथिलीन फोम वापरावा आणि तो मागच्या छिद्रासमोर कोंबू नये. हॅचच्या कडेला चिकटपट्टी लावताना तर मागचे छिद्र पुन्हा पाहावे, कारण पाणी अडवण्याच्या घाईत पट्टी नेमकी त्यावरच जाते. रेडिओचे संदेश घेणारा रिसीव्हर हवेच्या वाटेत नको, तो बंद डबीत ठेवावा.

लोकलने जायचे असेल तर पेट्रोल बरोबर नेऊ नये. रेल्वेत त्याला मनाई आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी हॅच थोडा वेळ उघडी ठेवून वाफ जाऊ द्यावी. बोट खाऱ्या पाण्यात चालवली असेल तर गोड्या पाण्याने धुवावी, हॅच उघडी ठेवून वाळवावी. आणि निघताना मागचे छिद्र पाहावे.