लिनक्सवर ब्राउझरमधला व्हिडिओ नीट चालत नाही? बिघाड कुठे आहे ते असं शोधा

"अरे, चित्र अडकतंय आणि आवाज पुढे पळतोय," आईचा फोन आला. तिच्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट घालून दिलं होतं आणि संध्याकाळी ती त्यावर कीर्तनं लावते. बुवा अभंगाचं चरण संपवून निरूपणाला लागलेले, पण पडद्यावर त्यांचा हात अजून चिपळ्यांसकट हवेतच. मी तिला आधी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं आणि तिथेच चुकलो. नेट कमी पडलं की आवाज आणि चित्र दोन्ही थांबतात आणि मधोमध गोल फिरायला लागतो. आवाज सुरळीत आहे आणि चित्राला तेवढी धाप लागली आहे, म्हणजे व्हिडिओ घरापर्यंत व्यवस्थित पोहोचतोय. तो उलगडून दाखवणं यंत्राला झेपत नाहीये.

'व्हिडिओ चालत नाही' या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचं औषध वेगळं असतं. इंटरनेटवर सापडलेल्या दहा आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ओळीने चिकटवल्या, तर व्हिडिओ कधी कधी सुरूही होतो, पण कशामुळे झाला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून आधी लक्षण नीट बघा, मग एका वेळी एकच बदल करा आणि तो कागदावर टिपून ठेवा.

खालच्या आज्ञा आणि पत्ते फोनवर सांगावेत तसे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना लहान इंग्रजी अक्षरं वापरा. उदाहरणं मुख्यतः लिनक्स मिंट आणि उबंटू या वितरणांची, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्यांची आहेत; फेडोरा या तिसऱ्या वितरणाचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आधी पाच मिनिटांच्या तपासण्या

फायरफॉक्समध्ये प्रायव्हेट विंडो उघडा आणि तोच व्हिडिओ तिथे लावा. प्रायव्हेट विंडोमध्ये एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक साधनं, आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. तिथे व्हिडिओ चालला, तर दोष बहुधा एखाद्या एक्स्टेन्शनचा, नाहीतर साठलेल्या कुकीजचा. जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन्स आधी तपासा. हेल्प मेन्यूतला ट्रबलशूट मोड याच्या पुढे जातो: एक्स्टेन्शन्सबरोबर हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन, म्हणजे चित्राचं काम ग्राफिक्स चिपवर सोपवण्याची सोय, तीही तात्पुरती बंद करतो. प्रायव्हेट विंडोत अडकणारा व्हिडिओ ट्रबलशूट मोडमध्ये सुरळीत चालला, तर ग्राफिक्सकडे बोट दाखवता येतं.

घड्याळ बघा. जुन्या यंत्रातली मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते, मग सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं ब्राउझरला खोटी वाटतात. पान अर्धवट उघडतं आणि व्हिडिओच्या जागी काळा चौकोन राहतो.

यानंतर नेटचा प्रश्न कायमचा निकालात काढा. एखादा व्हिडिओ डिस्कवर उतरवून घ्या, फायरफॉक्समध्ये कंट्रोल आणि ओ दाबून तो उघडा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ यासाठी उत्तम, कारण तो जवळपास नेहमी एच.२६४ प्रकारचा असतो. इथे चालला आणि ऑनलाइन थांबत-थांबत चालतोय, तर नेट तपासा. इथेही चाललाच नाही, तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

यूट्यूब चालतं, पण व्हॉट्सअ‍ॅप वेब किंवा बातम्यांचे व्हिडिओ चालत नाहीत

हे लक्षण फार बोलकं आहे. व्हिडिओ आवळून बांधलेला असतो, तो सोडवण्याची रीत म्हणजे कोडेक. व्हीपी९ आणि एव्ही१ या रीती मुक्त आहेत, त्या फायरफॉक्स आणि क्रोमियम (क्रोम ज्यावर उभा आहे तो मुक्त ब्राउझर) स्वतःबरोबर आणतात, आणि यूट्यूब बहुतेक वेळा त्यांतलीच एक पाठवतं. २००३ साली प्रमाणित झालेला एच.२६४ मात्र पेटंटांच्या कचाट्यात आहे. लिनक्सवरचा फायरफॉक्स एच.२६४ आणि त्याच्या जोडीचा एएसी आवाज उलगडायला सिस्टिममधल्या एफएफएमपेग या कोडेकांच्या संचाची मदत घेतो. ते नसेल किंवा अपुरं असेल, तर यूट्यूब झकास चालतं आणि बाकीची संकेतस्थळं 'हा प्रकार चालत नाही' म्हणून हात वर करतात.

लिनक्स मिंटवर मेन्यूत 'इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स' शोधा आणि दाबा, किंवा टर्मिनलमध्ये लिहा: सुडो एपीटी इन्स्टॉल मिंट-मेटा-कोडेक्स. उबंटूवर पॅकेजचं नाव उबंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज. ते बसवताना मध्येच फॉन्टच्या परवान्याची एक मोठी चौकट येते आणि तिथे माउस चालत नाही. पुष्कळजण यंत्र अडकलं समजून खिडकी बंद करतात आणि पॅकेज अर्धवट राहतं. टॅब दाबा, 'ओके' रंगलं की एंटर दाबा, पुढच्या पानावर 'येस' निवडा.

फेडोरात पेटंटांमुळे एफएफएमपेगची कापलेली आवृत्ती येते. तिथे आरपीएम फ्यूजन हे भांडार जोडून सुडो डीएनएफ स्वॅप एफएफएमपेग-फ्री एफएफएमपेग --अलाउइरेजिंग ही आज्ञा द्या. सिस्कोने २०१३ मध्ये जाहीर केलेला ओपनएच२६४ फायरफॉक्सच्या प्लगइन्सच्या यादीत दिसतो, पण त्याच्यावर विसंबू नका. तो मुख्यतः व्हिडिओ कॉलसाठी आहे.

एक गोष्ट उबंटूवाल्यांनी ध्यानात ठेवावी. २२.०४ पासून तिथला फायरफॉक्स स्नॅप रूपात येतो. स्नॅप आणि फ्लॅटपॅक म्हणजे बंद डबे, आतला शिधा ते स्वतः आणतात. तुम्ही सिस्टिममध्ये घातलेला कोडेक त्या डब्यात पोहोचेलच असं नाही. तिथे आधी ब्राउझर अद्ययावत करा. तरी जमलं नाही, तर मोझिलाचं स्वतःचं पॅकेज घ्या. जानेवारी २०२४ मधल्या फायरफॉक्स १२२ पासून ते डेबियन-उबंटूसाठी मिळतं.

बसवून झाल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. नुसतं पान ताजं केल्याने भागत नाही.

चित्र अडकतं, पंखा घोंघावतो

आईच्या लॅपटॉपचा आजार हा होता, आणि जुन्या यंत्रांवर लिनक्स घालणाऱ्या बहुतेक घरांत हाच असतो.

यूट्यूबच्या व्हिडिओवर उजवं बटण दाबा आणि 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. कोपऱ्यात आकड्यांची काळी पाटी येते. त्यातल्या दोनच ओळी वाचा. 'फ्रेम्स'च्या ओळीत किती चित्रं दाखवली आणि त्यांतली किती गळाली, म्हणजे 'ड्रॉप्ड', ते असतं. सुरुवातीला दोन-चार गळणं साहजिक आहे, पण व्हिडिओ चालू असताना तो आकडा डोळ्यांदेखत सतत वाढत असेल, तर यंत्र मागे पडतंय. 'कोडेक्स'च्या ओळीत एव्हीसी१ लिहिलं असेल तर एच.२६४, व्हीपी०९ असेल तर व्हीपी९, एव्ही०१ असेल तर एव्ही१.

हे उलगडण्याचं काम दोन ठिकाणी होऊ शकतं. ग्राफिक्स चिपमध्ये त्यासाठीच घडवलेला भाग असतो, तो हे काम थंड डोक्याने करतो. त्याला ती रीत येत नसेल, किंवा ब्राउझरला तो सापडत नसेल, तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. मग यंत्र तापतं आणि फ्रेम गळतात. इंटेलच्या चिपांना एच.२६४ फार पूर्वीपासून येतो, व्हीपी९ पूर्णपणे येऊ लागला सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ अकराव्या पिढीपासून. आईचा लॅपटॉप तिसऱ्या पिढीचा. त्याच्याकडे येत होता व्हीपी९, जो त्याच्या चिपने कधी पाहिलेलाच नव्हता.

तुमच्या चिपला काय येतं ते विचारा. सुडो एपीटी इन्स्टॉल व्हीएइन्फो करा, मग टर्मिनलमध्ये नुसतं व्हीएइन्फो लिहून एंटर दाबा. लांब यादी येईल. ज्या ओळीत एच२६४ आहे आणि शेवटी व्हीएलडी आहे, तिचा अर्थ चिप एच.२६४ उलगडू शकते. व्हीपी९ आणि एव्ही१ यांच्या ओळीही तशाच शोधा. यादीऐवजी चूक आली, तर ड्रायव्हर, म्हणजे सिस्टिमला चिपशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर, बहुधा बसलेला नाही. साधारण २०१४ नंतरच्या इंटेलसाठी इंटेल-मीडिया-व्हीए-ड्रायव्हर, त्याआधीच्यासाठी आय९६५-व्हीए-ड्रायव्हर, एएमडीसाठी मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स. फेडोराने सप्टेंबर २०२२ मध्ये एएमडीच्या ड्रायव्हरमधून एच.२६४ काढून टाकला, तिथे आरपीएम फ्यूजनमधलं मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स-फ्रीवर्ल्ड लागतं. ब्राउझर ड्रायव्हरशी ज्या भाषेत बोलतो तिचं नाव व्हीए-एपीआय; एनव्हिडियाचा ड्रायव्हर ती थेट बोलत नाही, त्याला एनव्हिडिया-व्हीएएपीआय-ड्रायव्हर नावाचा दुभाषी लागतो. तो बसवण्यात बरीच खटपट आहे. नुसता प्रोसेसर पुरत असेल, तर त्या वाटेला जाऊ नका असंच मी सांगेन.

आता ब्राउझर चिपची ही सोय वापरतोय का ते बघा. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत अबाउट, मग कोलन, मग सपोर्ट लिहा आणि 'मीडिया' भागापर्यंत खाली या. तिथल्या तक्त्यात प्रत्येक कोडेकपुढे सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर असे दोन रकाने दिसतील. इंटेल चिपांवर ही सोय जुलै २०२३ मधल्या फायरफॉक्स ११५ पासून आणि एएमडीवर मार्च २०२५ मधल्या १३६ पासून आपोआप चालू असते, म्हणून आवृत्ती जुनी असेल तर आधी ती बदला. क्रोममध्ये पत्ता क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा, जीपीयू. त्यात 'व्हिडिओ डिकोड'ची ओळ वाचा.

चिप जुनीच असेल, तर तिला पेलेल ते द्या. एच२६४इफाय नावाचं छोटं एक्स्टेन्शन यूट्यूबला 'मला व्हीपी९ येत नाही, एच.२६४ पाठव' असं सांगतं, आणि सेकंदाला ६० फ्रेमचे व्हिडिओही अडवू शकतं. यात एक गोष्ट जाते: यूट्यूबवर एच.२६४ १०८०पीच्या वर मिळत नाही. जुन्या लॅपटॉपचा पडदा तेवढा नसतोच. मी ते आईच्या फायरफॉक्समध्ये घातलं, दर्जा ७२०पीवर ठेवला आणि तीच पाटी तिला फोनवर वाचायला सांगितली. गळालेल्या फ्रेमचा आकडा सुरुवातीला थोडा चढला आणि तिथेच थांबला. पंखा शांत झाल्याचं तिने मी न विचारताच सांगितलं.

एवढं करूनही धाप जात नसेल, तर लॅपटॉप पॉवर सेव्हर मोडवर नाही ना ते बघा, आणि पंख्याच्या जाळीतली धूळ काढा. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, त्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही.

हिरवा पडदा, आडव्या चिरा

चित्राच्या जागी हिरवा किंवा जांभळा पट्टा दिसला, तर ड्रायव्हर आणि ब्राउझर यांचं पटत नाहीये. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स'खालची पहिली खूण काढली की हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशनची खूण दिसते. ती काढून ब्राउझर पुन्हा उघडा. क्रोममध्ये हेच 'सिस्टिम' भागात आहे. हा तात्पुरता उपाय, ड्रायव्हर अद्ययावत झाल्यावर खूण परत लावून बघा. हालत्या चित्रात आडवी चीर पडत असेल, तर उबंटू-फेडोरात लॉगिनच्या पडद्यावरच्या दातेरी चाकातून वेलँड सत्र (पडद्यावर चित्र मांडण्याची नवी पद्धत) निवडा. पुष्कळदा तेवढ्यावर चीर जाते.

गोल फिरत राहतो, पण नेट तर उत्तम आहे

इथे संशय आवाजाचा घ्या, जरी तक्रार चित्राची असली तरी. ब्राउझर चित्राची चाल आवाजाच्या घड्याळावर बेततो. आवाज बाहेर पडायला वाटच नसेल, तर व्हिडिओ पहिल्या फ्रेमवर खिळून राहू शकतो. टीव्हीची एचडीएमआय तार काढल्यावर किंवा ब्लूटूथ हेडफोन बंद केल्यावर हे घडू शकतं. साउंड सेटिंग्जमध्ये आउटपुट म्हणून लॅपटॉपचे स्पीकर निवडा. तेवढ्याने भागलं नाही, तर आवाजाची सेवा पुन्हा चालू करा: सिस्टिमसीटीएल --युजर रिस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर. मिंट २१ किंवा त्याआधीचं असेल तर तिथे पाइपवायरऐवजी पल्सऑडिओ ही आवाजाची सेवा असते, तिला पल्सऑडिओ -के ही आज्ञा पुरते. ती स्वतःच पुन्हा उठते.

पैसे भरून घेतलेल्या सेवा

चित्रपट-मालिकांच्या सेवा कुलूपबंद व्हिडिओ पाठवतात, त्याची किल्ली म्हणजे वाइडवाइन. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल'खाली 'प्ले डीआरएम-कंट्रोल्ड कंटेंट' वर खूण करा आणि मिनिटभर थांबा, तो किल्ली स्वतः उतरवून घेतो. लिनक्स वितरणांच्या क्रोमियममध्ये ती सहसा नसते, क्रोममध्ये असते. चित्र चालतं पण पुसट दिसतं, ही तक्रार मात्र तुमच्याकडून सुटणारी नाही: लिनक्सवर कुलपाची फक्त सॉफ्टवेअर पातळी मिळते, म्हणून बऱ्याच सेवा कमी दर्जाचं चित्र देतात. त्यासाठी ड्रायव्हर बदलत बसू नका.

कालपर्यंत चालत होतं

अपडेटनंतर बिघडलं असेल, तर यंत्र सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे काय सुरू करायचं ते विचारणारा, मेन्यू आणा, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडा. त्यावर व्हिडिओ चालला, तर नवा कर्नल आणि तुमची चिप यांचं भांडण आहे. पुढचा अपडेट येईपर्यंत जुन्यावरच राहा.

आणि कुणाची मदत घ्यायची वेळ आली, तर अबाउट-सपोर्टच्या पानावर वर एक बटण आहे, 'कॉपी टेक्स्ट टु क्लिपबोर्ड'. तो मजकूर, व्हीएइन्फोची यादी, वितरणाचं नाव आणि आवृत्ती, आणि कागदावर टिपलेले तुमचे बदल, हे सगळं पहिल्याच निरोपात पाठवा.