रो-रो गाडीवरून जाणारी हाय टेन्शन लाइन: कोकण रेल्वेच्या मॉडेलसाठी टॉवर कसा बांधायचा

कोकण रेल्वेचं मॉडेल करताना बोगदा, पूल आणि जांभ्याची दरड यांवर महिनोन्‌महिने खर्च होतात. विजेचा टॉवर शेवटी आठवतो, आणि मग तयार मिळणारा परदेशी प्लॅस्टिकचा टॉवर रुळाशेजारी उभा राहतो. कितीही चांगला रंगवला तरी तो तिथला वाटत नाही, कारण त्याच्या इन्सुलेटरच्या (तारेची वीज टॉवरपर्यंत पोहोचू न देणाऱ्या चकत्यांच्या) माळा खाली लोंबत असतात. लाइन रूळ ओलांडते तिथे दोन्ही बाजूंना टेन्शन टॉवर लागतो. त्यात इन्सुलेटरच्या माळा तारेच्या ओढीत आडव्या ताणलेल्या असतात, त्याही जोडीने, आणि आर्मखालून, म्हणजे टॉवरच्या आडव्या हाताखालून, दोन्हीकडच्या तारा जोडणारी जंपरची तार वळसा घालून पलीकडे जाते. यामागे सरळ हिशेब आहे. लोंबत्या माळेच्या टॉवरवर एका गाळ्यातली, म्हणजे दोन टॉवरमधल्या अंतरातली, तार तुटली की माळ दुसऱ्या बाजूला ओढली जाते आणि शेजारच्या गाळ्यातली तार खाली उतरते. खालून गाडी जात असेल तर हे परवडणार नाही. शिवाय लाइन शक्यतो रुळाला काटकोनात ओलांडतात. एवढ्या दोन गोष्टी पाळल्या की निम्मं काम झालं.

तार कापायच्या आधी काळ ठरवा. रो-रो सेवा, म्हणजे भरलेले ट्रक सपाट वॅगनींवर चढवून नेणारी गाडी, 26 जानेवारी 1999 ला कोलाड ते वेर्णा सुरू झाली आणि कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं. त्याआधीचा काळ घेतलात तर डिझेल इंजिन आणि मोकळं आकाश. रुळावर फक्त तुमचीच हाय टेन्शन लाइन, आणि ती फार उठून दिसते. नंतरचा काळ घेतलात तर 25 केव्हीची ओव्हरहेड तार, खांब आणि डब्ल्यूएजी जातीचं विजेवरचं मालगाडीचं इंजिन आलंच. पहिल्यांदाच करत असाल तर पहिला काळ घ्या.

पुढची सगळी मापं एचओ, म्हणजे 1:87 ची आहेत. आपला ब्रॉडगेज 1676 मि.मी.चा, म्हणजे या प्रमाणात 19.26 मि.मी., आणि बाजारातला एचओ रूळ 16.5 चा. हा फरक समोरून पाहताना डोळ्यांत भरतो, बाजूने पाहताना जवळजवळ कळत नाही. म्हणून मांडणी बाजूने पाहायची करा आणि रूळ तयार घ्या.

फळी 2400 बाय 750 मि.मी. पुरते. प्लाय 12 मि.मी. मरीनच घ्या, आयएस 710 छाप पाहून. एमडीएफ कोकणात एका पावसाळ्यात कडांकडून फुगतो आणि रुळाचे सांधे वर उचलतो. मरीन प्लायलाही खालून, वरून आणि विशेषतः कापलेल्या कडांना व्हार्निशचे दोन हात द्या. प्रत्यक्षात या मार्गावर वळणाची त्रिज्या कमीत कमी 1250 मीटर आहे. एचओमध्ये ती 14 मीटरच्या वर जाते, तेवढी खोली कुणाकडे नसते. दिसणारा भाग सरळ किंवा अगदी मंद वळणाचा ठेवा आणि 600 मि.मी. त्रिज्येची वळणं दोन्ही टोकांना बोगद्यात लपवा. एवढे बोगदे शोभून दिसावेत असा दुसरा मार्ग नाही.

टॉवरची मापं

220 केव्हीचा टॉवर 35 मीटरच्या वर जातो. एचओमध्ये तो 400 मि.मी. उंच होईल आणि 750 च्या फळीवर दुसरं काही दिसणार नाही. 110 केव्हीची डबल सर्किट, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन तारांची, लाइन निवडा. 28 मीटरचा टॉवर 320 मि.मी. होतो. रुळाच्या पुढचा टॉवर याच मापाने बांधा. मागचा, फळीमागच्या आकाशाच्या पडद्याजवळचा, सगळी मापं 0.72 ने गुणून, म्हणजे 230 मि.मी.चा करा आणि 60 मि.मी. उंचीच्या उतारावर बसवा. नजरेला अंतर वाढल्यासारखं वाटतं. ही फसवणूक जरूर करा, कारण खऱ्या लाइनचा गाळा दोन-तीनशे मीटरचा असतो आणि आपल्याकडे आहेत 600 मि.मी.

पुढच्या टॉवरची एक बाजू कागदावर अशी काढा. पायथा 60 मि.मी. रुंद. 195 वर कंबर, तिथे रुंदी 16. कंबरेपासून 300 पर्यंत सरळ 16, आणि वर 20 मि.मी.चं टोक. खालच्या निमुळत्या भागाचे सहा खण, तळापासून 50, 42, 34, 28, 22 आणि 19. वरच्या भागाचे सात खण, प्रत्येकी 15. प्रत्येक खणात फुलीचा आडणा. आर्म 195, 240 आणि 285 वर, अंगापासून 34 मि.मी. बाहेर. बाजू आत कललेली असल्यामुळे कागदावर खालचा भाग 195 ऐवजी 196 काढावा लागतो. हा एक मिलिमीटर विसरलात तर वरच्या खणांच्या आडव्या पट्ट्या चारही बाजूंना जुळत नाहीत.

तार टिन केलेली तांब्याची घ्या. पायांसाठी 19 नंबर, म्हणजे 1 मि.मी., दीड मीटर. आडण्यांसाठी 25 नंबर, म्हणजे अर्धा मि.मी., सहा मीटर. आर्मसाठी 21 नंबर, 0.8 मि.मी., एक मीटर. गुंडाळीतून काढलेली तार कधीच सरळ नसते. एक टोक शिकंज्यात धरा, दुसरं पकडीत, आणि तार किंचित सैल पडल्यासारखी वाटेपर्यंत एका दमात ओढा. ती सुतासारखी सरळ होते आणि थोडी कडकही. हातावर घासून सरळ केलेल्या तारेचे पाय पुढे वाकडेच दिसतात.

नकाशा प्लायच्या तुकड्यावर चिकटवा, पायांच्या दोन्ही बाजूंना बारीक चुका ठोका, पाय त्यात अडकवा आणि कंबरेपाशी वाकवा. 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि 60/40 ची बारीक सोल्डर तार पुरते. आधी आडव्या पट्ट्या, मग फुल्या. अशा दोन बाजू सपाट तयार करा. त्या समोरासमोर उभ्या करून उरलेल्या दोन बाजूंच्या फक्त आडव्या पट्ट्या सोल्डर करा. इथे नेहमी एक गोष्ट बिघडते. तांब्यातून उष्णता पटकन पळते आणि शेजारचा झालेला सांधा सुटतो. म्हणून जोडाच्या दोन्ही अंगांना ओल्या कापसाचा बोळा गुंडाळा किंवा मगर क्लिप लावा, आणि आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. या दोन बाजूंच्या फुल्या सोल्डर करायच्या फंदात न पडता फेविक्विकसारख्या गोंदाने चिकटवा. दमट हवेत हा गोंद वाळताना आजूबाजूला पांढरी पावडर धरतो. सुईच्या टोकाने थेंबभर लावा आणि पंख्याखाली वाळवा. प्रायमरखाली जे थोडं राहील ते झाकलं जातं.

प्रत्येक आर्म चार तारांचा. खालच्या दोन 35 मि.मी. लांब आणि आडव्या, वरच्या दोन 38 च्या, एक खण वरून तिरक्या उतरणाऱ्या. चारही टोकाला एकत्र येतात. सहा आर्म झाले की सगळा सांगाडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जुन्या टूथब्रशने धुवा. सोल्डर पेस्ट उरली तर खाऱ्या हवेत महिन्याभरात सांध्यांवर हिरवा थर येतो आणि रंग पापुद्र्याने सुटतो. कोकणात हे टाळता येत नाही, धुणं टाळू नका.

रंग चंदेरी नको. टॉवर जस्ताचा मुलामा दिलेले असतात, वर्षभरात ते राखाडी होतात. मॅट राखाडीत थोडा पांढरा मिसळा, आणि खालच्या दोन खणांत बोल्टच्या जागी गंजाचे अगदी बारीक ठिपके द्या. पायाखाली 6 मि.मी. चौरस, 4 मि.मी. उंच काँक्रीटचे ठोकळे. पायथ्यापासून 38 मि.मी. उंचीवर, कुणी चढू नये म्हणून लावतात त्या काटेरी तारेचा वेढा, आणि त्याच्या जवळ धोक्याची पाटी. लाल, पिवळ्या, निळ्या फेजच्या ठिपक्याएवढ्या पाट्या लावल्या तर जाणकार माणूस थांबून पाहतो.

माळा आणि तारा

इन्सुलेटरसाठी सगळ्यात चांगली वस्तू मंगळसूत्राच्या पोतीतले 2 मि.मी.चे काळे मणी. खरी चकती 255 मि.मी. व्यासाची, म्हणजे एचओमध्ये 2.9. मणी थोडे लहान पडतात पण गोलाई बरोबर असते. नऊ मणी एका माळेत, 0.3 मि.मी. तारेवर ओवून. घरगुती वायरिंगच्या 1 चौ. मि.मी. वायरमध्ये अशा 14 तारा असतात, त्यातलीच एक काढा. एका आर्मला पुढे दोन आणि मागे दोन माळा, म्हणजे एका टॉवरला 24 माळा आणि 216 मणी. मागच्या टॉवरला 1.5 मि.मी.चे मणी मिळाले तर उत्तम. चिनी मातीच्या चकत्या चॉकलेटी असतात, तसा रंग पातळ करून द्या. चकाकी ठेवा.

कंडक्टरसाठी, म्हणजे वीज वाहणाऱ्या तारांसाठी, दोरा किंवा तंगूस वापरायचा मोह होतो. सुती दोरा पावसाळ्यात आखडतो आणि उन्हाळ्यात सैल पडतो, पॉलिस्टरला तंतू सुटतात, आणि तंगूस हलका असल्यामुळे त्याला झोळ येतच नाही, उलट गुंडाळीचं वळण राहतं. मोटर वाइंडिंगच्या दुकानातून 34 नंबरची इनॅमलची तार घ्या. ती 0.23 मि.मी. असते. या व्होल्टेजला वापरला जाणारा पँथर कंडक्टर 21 मि.मी. जाड, म्हणजे एचओमध्ये 0.24. इतकी नेमकी जुळणी क्वचित मिळते.

झोळ तारेला आधीच द्यायचा, टॉवरवर ओढून नाही. प्लायच्या तुकड्यावर 600 मि.मी. लांब, मध्ये 20 मि.मी. खोल असा कमानीचा आकार काढा आणि दर 50 मि.मी.वर चुका ठोका. ओढून सरळ केलेली तार त्यावर दाबून बोटाने फिरवत न्या. सहाही तारांना एकच साचा. वेगवेगळा झोळ दिसला की लाइन मेली. टोकावरची अर्थ वायर 36 नंबरची, झोळ 15 मि.मी. मॅट गडद राखाडी रंगवा, काळा नको, कारण आकाशासमोर काळी तार दुप्पट जाड दिसते. टोकांना छोटे आकडे करा आणि माळेच्या कडीत अडकवा, चिकटवू नका. रूळ पुसताना हात तारेत गेलाच तर आकडा सुटतो, नाहीतर आर्म सुटला असता. सगळ्यात खालची तार रुळाच्या माथ्यापासून 170 मि.मी.च्या खाली येता कामा नये. जंपर आर्मखाली 14 मि.मी. लोंबू द्या. मागच्या टॉवरवरून निघणाऱ्या तारा पडद्यात बारीक भोकं पाडून आत घ्या.

टॉवरच्या पायथ्याशी जांभ्याची खरी माती घालायची असेल, आणि घालावीच, तर ती वस्त्रगाळ करा आणि लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तीन-चार वेळा मातीतून फिरवा. या मातीत लोहाचे चुंबकाला चिकटणारे कण असतात. ते इंजिनच्या मोटरमध्ये शिरले की निघत नाहीत.

खालून जाणारी गाडी

रो-रोला बीआरएन सपाट वॅगन. कपलरसह लांबी साधारण 14.6 मीटर, म्हणजे 168 मि.मी. एका वॅगनवर एक दहा चाकी ट्रक, चाकांना लाकडी पाचरा, साखळ्या. ट्रक एका टोकाच्या उतारावरून चढतात आणि वॅगनीवरून वॅगनीवर चालत पुढे जातात, म्हणून दोन वॅगनींच्या फटीवर टाकायच्या लोखंडी पट्ट्याही दाखवा. केबिनमध्ये चालक आणि क्लीनर बसवा, ते ट्रकबरोबरच प्रवास करतात.

वॅगनीचं वजन 28 ग्रॅम अधिक दर 25 मि.मी. लांबीला 14 ग्रॅम, या हिशेबाने 120 च्या आसपास हवं. सपाट वॅगनीत वजन लपवायला जागा नसते. जाळ्याची शिशाची वजनं ठोकून चपटी करा आणि मधल्या दांड्यांच्या मध्ये बसवा. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा. ट्रक मात्र पोकळ प्लॅस्टिकचाच घ्या. धातूचा ओतीव ट्रक वर ठेवला की गुरुत्वमध्य वर जातो आणि बोगद्यातल्या 600 च्या वळणावर वॅगन कलंडते. तीही बोगद्यात, जिथे हात पोहोचत नाही. हलक्या वॅगनी नेहमी शेपटाकडे लावा.

2022 नंतरचा काळ घेतला असेल तर ओव्हरहेडची तार रुळाच्या माथ्यापासून 63 मि.मी. वर, खांब रुळाच्या मध्यापासून 32 मि.मी.वर, दोन खांबांत 465 मि.मी. तार एका खांबापाशी मध्यापासून 2.3 मि.मी. डावीकडे, पुढच्यापाशी तेवढीच उजवीकडे घ्या. अशा नागमोडीमुळे पँटोग्राफ, म्हणजे इंजिनच्या टपावरचा तारेला टेकणारा सांगाडा, एकाच जागी झिजत नाही. ट्रकचं टपर माथ्यापासून 55 च्या वर जाता कामा नये. पुठ्ठ्याचा 55 मि.मी. उंच, 38 रुंद तुकडा एका रिकाम्या वॅगनीवर उभा करा आणि सगळ्या मार्गावरून हाताने ढकलत न्या. जिथे अडेल तिथे बोगद्याचं तोंड कापा. ही तपासणी खडी चिकटवण्याआधी करा, आणि खडी दिवाळीनंतर चिकटवा. पावसात पातळ केलेला फेविकॉल आठवडाभर ओला राहतो आणि खडीला बुरशी येते.